गेममधलं जंगल खोटं का वाटतं? उत्तर झाडात नाही, सावलीत आहे

नागपूरहून जबलपूरच्या दिशेने निघालं की काही वेळातच पेंचचं जंगल सुरू होतं. पुढे लागतो मध्य प्रदेशातला सिवनी जिल्हा. रुडयार्ड किपलिंगने 1894 साली आलेल्या 'द जंगल बुक'मध्ये मोगलीला याच सिवनीच्या टेकड्यांमध्ये वाढवलं.

पण पडद्यावर हे जंगल कसं दिसलं? डिस्नेच्या 1967 च्या सिनेमात ते हिरवंगार आणि वेलींनी भरलेलं होतं. पेंच मात्र पानगळीचं जंगल आहे. इथे साग, ऐन, मोह, पळस आहेत. एप्रिलमध्ये अनेक झाडांवर पानंच नसतात आणि ऊन थेट जमिनीवर येतं.

समजा, नागपूरच्या एखाद्या मुलाने ठरवलं की आपल्या शेजारचं हे जंगल गेममध्ये आणायचं. तो मोफत एडिटर घेतो, झाडं लावतो, पायवाट काढतो. तरीही झाडं कागदावर चिकटवलेल्या स्टिकरसारखीच दिसतात. नेमकं काय चुकतं? आणि ते दुरुस्त कसं करायचं?

टाइल एडिटर म्हणजे काय?

घरातली फरशी आठवा. एकाच मापाच्या चौकोनी लाद्या शेजारी-शेजारी बसवल्या की जमीन तयार होते. टाइलवर आधारित गेमचा नकाशाही असाच बनतो. गवताची एक टाइल, मातीची एक, झाडाच्या बुंध्याची एक. त्या पुन्हा पुन्हा वापरून अख्खं गाव किंवा जंगल उभं राहतं.

'आरपीजी मेकर एमव्ही'मध्ये एक टाइल 48 बाय 48 पिक्सेलची असते. 'टाइल्ड' हा मोफत एडिटरही उपलब्ध आहे. 'गोडो' या मोफत गेम इंजिनमध्येही टाइलचा नकाशा बनवता येतो. या सगळ्यांत लेअर असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. खाली जमीन, त्यावर झाडं, सगळ्यात वर फांद्या.

मग अडचण कुठे येते?

आरपीजी मेकरमध्ये सावली काढायला वेगळा पेन मिळतो. तो एका टाइलचे चार भाग करतो आणि हव्या त्या भागावर अर्धपारदर्शक काळा चौकोन ठेवतो. घराच्या भिंतीला हे शोभतं, कारण भिंतीची कड सरळ असते. झाडाला सरळ कड नसते. त्यामुळे या पेनने काढलेलं जंगल जिन्याच्या पायऱ्यांसारखं दिसतं.

म्हणून जंगलाची सावली टाइलच्या चौकटीत न बसवता वेगळ्या चित्रात काढतात आणि ते चित्र नकाशावर स्वतंत्र लेअर म्हणून ठेवतात. पण ब्रश हातात घेण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो.

सूर्य कुठे आहे?

नागपूर साधारण 21.15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे 10 मीटरचा खांब उभा केला, तर भर मध्यान्हीला त्याची सावली अशी पडेल:

- 22 डिसेंबरच्या आसपास: जवळपास 10 मीटर, उत्तरेकडे
- 21 मार्चच्या आसपास: सुमारे 4 मीटर, उत्तरेकडे
- मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात: जवळपास शून्य
- 21 जूनच्या आसपास: जेमतेम 40 सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे

मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यात सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो.

आता हे गेममध्ये आणू. बहुतेक नकाशांत वरची बाजू म्हणजे उत्तर. म्हणजे हिवाळ्यातली मध्यान्हीची सावली झाडाच्या बरोबर मागे जाईल आणि झाडाच्याच चित्राखाली झाकली जाईल. उन्हाळ्यातली तर बुंध्यापाशीच राहील. दोन्ही वेळा खेळणाऱ्याला फारसं काही दिसणार नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे हिवाळ्यातली दुपारी तीन-चारची वेळ निवडणं. सूर्य नैऋत्येला असतो, सावली ईशान्येला, म्हणजे पडद्यावर वर-उजवीकडे तिरकी पडते. एकदा दिशा ठरली की सगळ्या झाडांना तीच ठेवायची. तयार झाडांची चित्रं वापरत असाल तर त्यांची उजळ बाजू कोणती, हे आधी बघा. झाड उजवीकडून उजळलेलं आणि सावलीही उजवीकडे, असं झालं की कारण कळलं नाही तरी डोळ्यांना ते खटकतं.

सावली काळी नसते

सूर्याचा थेट प्रकाश अडला तरी आकाशाचा निळसर प्रकाश जमिनीवर येतच असतो. म्हणून मोकळ्या जागेतली सावली किंचित निळसर दिसते. दाट पानांखाली तिच्यात हिरवी झाक येते.

पण साध्या पद्धतीने निळा थर पसरला तर नवी अडचण उभी राहते. झाडाच्या बुंध्यासारखे गडद भाग निळे होऊन धुरकट दिसतात. त्यासाठी 'मल्टिप्लाय' ही पद्धत वापरतात. यात खालच्या रंगाचा सावलीच्या रंगाशी गुणाकार होतो, त्यामुळे कोणताही भाग आधीपेक्षा उजळ होऊच शकत नाही.

उदाहरण घेऊ. गवताचा रंग लाल 120, हिरवा 160, निळा 70 आहे. त्यावर 50 टक्के काळा थर दिला तर 60, 80, 35 मिळतात. म्हणजे तोच रंग, फक्त अंधारा. सावलीचा रंग 110, 120, 165 घेऊन मल्टिप्लाय केलं तर 52, 75, 45 मिळतात. गवत गडद झालं, शिवाय थंडही वाटू लागलं.

गोडोमध्ये ही सोय थेट मिळते. आरपीजी मेकर एमव्हीमध्ये पडद्यावर चित्र दाखवताना मल्टिप्लाय निवडता येतं. मात्र ते चित्र पडद्याला चिकटून राहतं. नकाशासोबत सरकवायचं असेल तर प्लगइन लागतो.

दोन सावल्या मिळून दुप्पट अंधार होत नाही

नवख्यांची सर्वाधिक होणारी चूक हीच असावी. प्रत्येक झाडाला 50 टक्क्यांची सावली दिली, की दोन सावल्या जिथे एकमेकींवर येतात तिथे प्रकाश 25 टक्के उरतो. जंगलभर काळे डाग दिसू लागतात.

सूर्य एकच आहे. एका झाडाने त्याचं ऊन अडवलं की दुसऱ्याने अडवायला काही उरतच नाही. म्हणून सगळ्या सावल्या एकाच लेअरवर पूर्ण गडद रंगात काढायच्या आणि पारदर्शकता शेवटी अख्ख्या लेअरला द्यायची.

कवडसे गोल का असतात?

झाडाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण खाली पडणारे अनेक कवडसे गोल किंवा लंबगोल दिसतात. कारण प्रत्येक बारीक फट सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखं काम करते आणि तो कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात.

आकाशात सूर्याची रुंदी सुमारे अर्धा अंश दिसते. त्यामुळे डोक्यावरच्या सूर्याने 15 मीटर उंचीच्या फटीतून पडलेला कवडसा साधारण 14 सेंटिमीटरचा होतो. 48 पिक्सेलची टाइल म्हणजे एक मीटर मानलं, तर गेममध्ये तो सुमारे 7 पिक्सेलचा.

याच कारणाने बुंध्याजवळची सावली रेखीव असते आणि शेंड्याची पुसट. सगळ्या सावलीला सारखाच ब्लर दिला की ती खोटी वाटते, ती यामुळेच.

झाड कोणतं, महिना कोणता?

पेंचचं जंगल वेगळं ठरतं ते इथे. पावसाळ्यात सागाच्या रुंद पानांची सावली मोठ्या डागांची असते आणि त्यात कवडसे कमी असतात. मार्चमध्ये पळस फुललेला असतो, पण पानांविना. तेव्हा सावली म्हणजे फांद्यांची जाळी. एप्रिल-मेमध्ये साग उघडा पडतो आणि जमिनीवर नुसत्या रेघा उरतात, खाली वाळलेल्या पानांचा सडा. तीच झाडं, तोच नकाशा, फक्त सावलीचा लेअर बदलला तरी ऋतू बदलल्यासारखा वाटतो.

खेळाडू सावलीत शिरला की?

सावलीचा लेअर पात्राच्या खाली असेल, तर पात्र सावलीत शिरूनही उन्हात असल्यासारखं चमकतं आणि तरंगल्यासारखं दिसतं. म्हणून हा लेअर जमीन आणि पात्र यांच्या वर, पण झाडाच्या माथ्याच्या खाली ठेवावा. ते जमत नसेल तर सावलीच्या भागात पात्राचाच रंग थोडा गडद करतात.

मोबाइलचाही विचार करावा लागतो. 50 बाय 50 टाइलच्या नकाशावर पसरलेलं सावलीचं एक चित्र 2400 बाय 2400 पिक्सेलचं होतं आणि मेमरीत सुमारे 23 एमबी जागा घेतं. तेच चित्र निम्म्या मापात काढून ताणलं तर जागा 6 एमबीच्या आत येते. सावली मुळातच मऊ असल्याने फरक क्वचितच जाणवतो.

आणि खेळणाऱ्याला वाट दिसलीच पाहिजे. जिथे त्याने जावं असं वाटतं तिथे ऊन मोकळं ठेवायचं. जिथे वाघ बसला आहे तिथे कवडसे आणि सावलीच्या रेघा दाट करायच्या. खऱ्या जंगलातही वाघाचे पट्टे त्याला असेच लपवतात.

काम झालं की एक चाचणी करता येते. झाडांचे सगळे लेअर बंद करायचे आणि फक्त जमीन व सावली बघायची. तेवढ्यावरून महिना, वेळ आणि झाड ओळखता आलं, तर ते जंगल पेंचचं झालं आहे. नाही आलं, तर ते अजून कुठलंही जंगल आहे.