पडवीतली तसबीर

मालवणच्या आमच्या घरी पडवीत एक जुनी छापील तसबीर आहे. हाती दिवा घेतलेली तरुणी. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड पाझरतो आहे. येईल त्या पाहुण्याला मी ऐटीत सांगत असे, "राजा रविवर्मा!"

गेल्या दिवाळीत फराळाला आलेली एक विद्यार्थिनी संकोचून म्हणाली, "सर, रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ मधले. चित्रकार आमच्या वाडीचे, हळदणकर."

मी वरमलो. कवितेखाली कवीचे नाव चुकले, तर मुलांचे गुण कापणारा मी! आणि आपल्याच सिंधुदुर्गातला कलावंत मला ठाऊक नसावा?

सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. १९१८ साली 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. या चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची कन्या गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्याच्या संग्रहातले.

आणि ते आहे जलरंगातले! तैलरंगात चूक झाली, तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो आधीपासून जपावा लागतो.

यंदा तसबिरीची काच पुसली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिले : 'चित्रकार – सा. ल. हळदणकर, सावंतवाडी.' आता पाहुण्यांची वाट पाहतो आहे. माझे कापलेले गुण मला परत मिळवायचे आहेत!