किल्ल्यातले मौलाना

नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला पाहायला येणारा माणूस हटकून नेहरूंची खोली विचारतो. बँकेच्या नोकरीत नगरला असताना मीही पाहुण्यांना 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च तेवढे सांगत असे. त्याच आवारात काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना आझाद बंदिवान होते आणि 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे त्यांनी येथे लिहिली, हे निवृत्तीनंतर वाचले तेव्हा ओशाळलो.

कुराणावर भाष्य लिहिणाऱ्या या विद्वानाकडे महायुद्धाच्या ऐन काळात पक्षाची सूत्रे होती. गांधीजींना अहिंसा हा धर्मच होता. युद्धातही तिला मुरड घालणे त्यांना मान्य नव्हते. मौलानांच्या लेखी ते लढ्याचे धोरण होते. देश स्वतंत्र होत असेल तर त्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्यात त्यांना गैर वाटत नव्हते. जुलै १९४० मध्ये कार्यकारिणी त्यांच्या मताने गेली आणि तितकेच श्रद्धाळू खान अब्दुल गफारखान मात्र कार्यकारिणीतून बाहेर पडले. एकच कुराण मानणारे दोघे, उत्तरे दोन! इंग्रजांनी स्वातंत्र्याची अट मानली नाही, हा भाग वेगळा.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या किल्ल्यात आले. इकडे कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या. सरकारला काही कळवायचे असल्यास लगेच पोचवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सांगितले. मौलानांनी विनंती करायचे नाकारले. ज्या सरकारशी लढायचे त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागायची कशी? ९ एप्रिल १९४३ ला बेगम गेल्या.

हा निर्धार श्रद्धेने दिला, असे आपण चटकन म्हणून मोकळे होऊ. मौलाना तसे म्हणत नाहीत. त्या दिवसांत त्यांनी जेवणाची, कामाची वेळ चुकू दिली नाही. पण वरची ही शांतता म्हणजे बरेचसे आपल्या अहंकाराने वठवलेले सोंग होते, अशा अर्थाची कबुली त्यांनी पत्रात दिली आहे. पुढाऱ्याच्या लेखणीतून असे क्वचितच उतरते. मला तर त्यांची खरी धार्मिकता तिथेच दिसते.

आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. आल्यापासून शेकडो वेळा पाहिलेली. आता तिच्याकडे पाहताना नवीच माया वाटू लागली आहे, असे त्यांनी त्याच पत्रात लिहिले.