हेपॅटायटिस सी : औषधाचा गुण कुणाला येणार?

"डॉक्टर, एवढे औषध घेऊन गुण येईल ना?" हेपॅटायटिस सी झालेला बहुतेक प्रत्येक रुग्ण मला हा प्रश्न विचारतो, आणि तो रास्तच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हा डॉक्टरांना त्याचे सरळ उत्तर देता येत नसे. आज देता येते. पण तेव्हाचे उत्तर मनात धरून घरी बसलेले रुग्ण अजूनही भेटतात, म्हणून हा विषय घेतला आहे.

हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. न तपासलेले रक्त, एकाची सुई दुसऱ्याला वापरणे अशा मार्गांनी तो रक्तावाटे पसरतो. बाधा झालेल्यांपैकी बहुतेकांच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो. वीस-वीस वर्षे काही त्रास नसतो, डोळे पिवळे होतातच असेही नाही. मात्र आतल्या आत काहींचे यकृत निबर होत जाते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. (काविळीची माळ घालून हा विषाणू उतरत नाही, हे जाता जाता सांगतो.)

सुरुवातीला इंटरफेरॉनची इंजेक्शने आठवड्यातून तीनदा घ्यावी लागत. त्याने पाचांत एखादाच कायमचा बरा होई. पुढे जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या आल्या, मग आठवड्यातून एकदाच घ्यायचे पेग-इंटरफेरॉन आले, तेव्हा कुठे निम्म्यांपर्यंत मजल गेली. ताप, अंगदुखी, रक्त कमी होणे, मन खचणे हे सारे सोसायचे, खर्चही मोठा, आणि हाती काय लागेल याची खात्री नाही. म्हणून गुण कुणाला येईल हे आधी ओळखण्याला फार महत्त्व होते.

त्यासाठी विषाणूचा प्रकार पाहत. प्रकार १ चिवट. ४८ आठवडे इंजेक्शने घेऊनही निम्मे रुग्ण तसेच राहत. प्रकार २ आणि ३ मध्ये २४ आठवड्यांत चारांपैकी तिघे बरे होत. भारतात प्रकार ३ जास्त आढळतो. वय कमी, रक्तातील विषाणू थोडे, वजन बेताचे, सिऱ्हॉसिस नाही, असे असले तर आशा अधिक. तरीही सारख्याच दोन रुग्णांत एक बरा होई, दुसरा नाही. या कोड्याचा एक मोठा धागा २००९ मध्ये सापडला. आयएल-२८-बी या जनुकाजवळची अनुकूल प्रत आई आणि वडील दोघांकडून मिालेल्यांना, प्रकार १ मध्ये, ती एकाकडूनही न मिळालेल्यांच्या मानाने सुमारे दुप्पट गुण येई.

पण सर्वांत भरवशाची खूण उपचार सुरू झाल्यावरच मिळे. शितावरून भाताची परीक्षा! चौथ्या आठवड्यात रक्तातून विषाणू नाहीसा झाला तर उत्तम. बाराव्या आठवड्यापर्यंत तो शंभर पटींनीही घटला नाही, तर पुढची इंजेक्शने फुकट, असे समजून ती थांबवत.

२०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर मंजूर झाले आणि २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या स्वस्त गोळ्या मिळू लागल्या. इंटरफेरॉन शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करी, म्हणून यश रुग्णाच्या शरीरावर अवलंबून असे. नव्या गोळ्या विषाणूची वाढच थेट रोखतात, त्यामुळे त्या जनुकाला आता फारसे महत्त्व उरलेले नाही. बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरांत नव्वदहून अधिक बरे होतात. पूर्वी इंटरफेरॉनचा गुण न आलेले रुग्णही यात आले.

मग आता पाहायचे काय? मुख्य म्हणजे सिऱ्हॉसिस. तो असला, विशेषतः प्रकार ३ मध्ये, तर यश थोडे कमी होते आणि औषधांची निवड किंवा मुदत बदलते. पोटात पाणी झाले असेल तर अधिकच जपावे लागते. याचा पहिला अंदाज वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या साध्या आकड्यांवरूनही येतो. दुसरे म्हणजे चालू असलेली इतर औषधे. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन या गोळ्यांचा परिणाम मारते, आम्लपित्ताच्या काही गोळ्याही आड येतात, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन सोफोसबुव्हिरबरोबर धोक्याचे ठरू शकते. हेपॅटायटिस बी आहे का, हेही आधी तपासावे लागते, कारण सी जाताना तो उचल खाऊ शकतो. आणि बरे वाटते म्हणून मध्येच गोळ्या सोडू नयेत.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला. यासाठी आरएनए तपासणी हवी. अँटिबॉडीची तपासणी बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह येते, तिने घाबरू नये. सिऱ्हॉसिस झालेल्यांनी मात्र विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका पुरता जात नाही.

२०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठराविक सरकारी रुग्णालयांत या तपासण्या व गोळ्या मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जाताना इंटरफेरॉनच्या काळातले जुने कागद आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.