पट्टीने आखलेला पाऊस : कायबॉतचे पॅरिस

गुस्ताव्ह कायबॉत या फ्रेंच चित्रकाराने १८७७ साली पूर्ण केलेले ‘पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस’ हे तैलचित्र दृक्प्रत्ययवादाच्या इतिहासात हटकून उल्लेखिले जाते. परंतु वस्तूच्या रेखीव आकाराऐवजी तिच्यावरील क्षणिक प्रकाशाचा डोळ्याला आलेला प्रत्यय सुट्या, झपाट्याच्या फटकाऱ्यांनी टिपणारी चित्ररीत, अशी दृक्प्रत्ययवादाची रूढ व्याख्या घेतली, तर हे चित्र तीत बसत नाही. सुमारे २१२ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद अशा या कॅनव्हासमागे रेखाटने आणि तैलरंगातील पूर्वचित्र यांची दीर्घ तयारी आहे, आणि त्यातील प्रत्येक कड पट्टी व गुण्या हाताशी ठेवून आखावी तशी नेमकी आहे.

चित्रातील जागा खरी आहे. पॅरिसमधील सँ-लाझार रेल्वेस्थानकाजवळच्या भागात रस्त्यांना युरोपातील शहरांची नावे दिलेली असून, तुरिन, मॉस्को इत्यादी नावांचे रस्ते जेथे येऊन मिळतात तो डब्लिन चौक कायबॉतने निवडला. १८५३ ते १८७० या काळात सेन प्रांताचे प्रशासक असलेल्या ओस्मान यांनी सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या आदेशावरून जुने, दाटीचे पॅरिस पाडून रुंद, सरळ रस्ते काढले आणि त्यांच्या दुतर्फा दगडी इमारती ठरावीक उंचीच्या राहतील असे नियम घातले; त्यामुळे सज्जांच्या व छपरांच्या रेषा दूरवर एकत्र धावू लागल्या. समांतर रेषा दूर जाताना ज्या बिंदूत मिळाल्याचा भास होतो त्याला चित्रशास्त्रात लोपबिंदू म्हणतात. ओस्मानचे पॅरिस जणू लोपबिंदूसाठीच बांधले होते, आणि कायबॉतने ते तसेच वाचले, हे या चित्राचे खरे मर्म होय.

रचना पाहावी. मधोमध उभा असलेला दिव्याचा खांब चित्राचे दोन भाग करतो, आणि डोळ्याच्या उंचीवर जाणारी क्षितिजरेषा त्या भागांना पुन्हा आडवी छेदते. डावीकडे ओल्या फरसबंदीचे विस्तीर्ण मैदान आणि त्यावर विखुरलेली लहान माणसे दिसतात. उजवीकडे मात्र एका छत्रीखालचे जोडपे जवळजवळ अंगावर येते, आणि त्यांच्या समोरून येणारा पाठमोरा पुरुष चौकटीने अर्धा कापला आहे. एवढ्या छत्र्या उघडल्या असूनही पावसाची एक धार रंगवलेली नाही. पाऊस कळतो तो दगडांवरच्या ओल्या चकाकीवरून. आणि कोणी कोणाकडे पाहत नाही! जोडप्याची नजरही चौकटीबाहेरच्या, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या कशावर तरी आहे.

कादंबरीकार व कलासमीक्षक एमिल झोला यांना १८७६ साली कायबॉतची अचूकता काचेसारखी स्वच्छ आणि म्हणूनच कलाविरोधी वाटली होती. पुढच्याच वर्षी, आधुनिक विषय जवळजवळ माणसाएवढ्या आकारात रंगविण्याच्या धाडसाबद्दल त्यांनीच त्याची वाखाणणी केली. दोन्ही मतांत तथ्य आहे, तरी दुसरे अधिक टिकाऊ ठरले. हे चित्र एप्रिल १८७७ मध्ये ल पेलेतिये रस्त्यावरील तिसऱ्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात लागले. प्रदर्शनाचा खर्च आणि व्यवस्था मुख्यतः कायबॉतनेच उचलली होती, आणि त्याच ठिकाणी मोनेची सँ-लाझार स्थानकाची चित्रे व रेन्वारचे मूलँ द ला गालेतमधील नृत्यचित्रही होते.

सैन्याला कापड व बिछायत पुरविणाऱ्या पित्याची संपत्ती वारशाने मिळालेल्या कायबॉतला चित्रे विकण्याची गरज नव्हती, आणि हीच सुबत्ता त्याच्या कीर्तीच्या आड आली. आपल्या संग्रहातील मोने, रेन्वार, पिसारो, देगा, सेझान यांची चित्रे त्याने मृत्युपत्राने फ्रेंच सरकारला दिली. १८९४ साली तो वारल्यानंतर बराच वाद होऊन सरकारने त्यांपैकी सुमारे चाळीसच स्वीकारली. स्वतःचे एकही चित्र त्याने त्या देणगीत घातले नव्हते. पॅरिसच्या रस्त्याचे हे मोठे चित्र अनेक दशके कुटुंबाकडेच राहिले, मग अमेरिकेत गेले आणि १९६४ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ते मिळविले. तेथे अलीकडे पिवळी पडलेली वॉर्निश काढल्यावर आकाशातील निळसर छटा पुन्हा उघडी झाली. पॅरिसमध्ये, मार्मोताँ संग्रहालयात, त्याचे पूर्वचित्र आहे. ते जेमतेम ५४ सेंटिमीटर उंच आहे.