लस, सक्ती आणि संमती

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कोणावरही कोविडची लस टोचून घेण्याची सक्ती करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध शासन घालू शकते, असे न्यायालयाने सांगितले. याचिकाकर्ते स्वतः बालरोगतज्ज्ञ, हे आम्हा समव्यवसायींना विशेष. पुढे एका वडिलांनी मला विचारले, "मग डॉक्टरसाहेब, गोवराची लसही ऐच्छिकच ना?"

निकाल कोविडपुरता होता. शिवाय गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात. शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाने तोवर कोणाच्या भरवशावर राहावे?

परंतु भोपाळकरांना दुसरी बाजूही ठाऊक आहे. २०२० च्या अखेरीस कोव्हॅक्सिनच्या चाचणीत युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवतालच्या वस्त्यांतील माणसे सहभागी झाली. ही चाचणी आहे हे आम्हाला समजलेच नव्हते, अशी तक्रार काहींनी केली. चाचणी घेणाऱ्या संस्थेने ती नाकारली. १९८४ ची रात्र भोगलेल्यांचा अविश्वास अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही.

एक कबुली देतो. गर्दीच्या दिवशी, ट्रिपलच्या लशीनंतर ताप येऊ शकतो हे एका आईला सांगायचे माझ्याकडून राहिले. बाळ रात्रभर तापाने फणफणले. ती पुन्हा आलीच नाही. तेव्हापासून तापाविषयी मी स्वतःच सांगतो, परिचारिकेवर सोपवत नाही. त्या वडिलांशीही वीस मिनिटे बोललो. बाहेर रांग खोळंबली होती. "विचार करून येतो," म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन आले.