थीम पार्कमधील विषयविभाग

थीम पार्क म्हणजे एखाद्या निश्चित विषयाभोवती किंवा अनेक विषयांभोवती रचलेले मनोरंजन उद्यान होय. अशा उद्यानाचे जे भाग स्वतंत्र विषयानुसार आखलेले असतात, त्यांना विषयविभाग म्हणतात. विभागातील इमारती, रस्ते, झाडे, संगीत, कर्मचाऱ्यांचे पोशाख, खाद्यपदार्थ आणि राइड ही सर्व अंगे त्या एकाच विषयाला धरून असतात. साध्या मनोरंजन उद्यानात पाळणा हा केवळ पाळणा असतो. थीम पार्कमध्ये तोच पाळणा एखाद्या कथेचा भाग होतो. हा दोहोंमधील मुख्य भेद आहे.

नवे थीम पार्क उभारले जाणार असल्याचे समजताच त्यात कोणते विभाग आणि कोणत्या राइड असाव्यात, याविषयी हौशी रसिक आपापले आराखडे मांडू लागतात. जगभर आढळणाऱ्या या छंदाचा आणि प्रत्यक्ष रचनाशास्त्राचा संबंध निकटचा आहे. प्रस्तुत लेखात विषयविभागांची तत्त्वे, महाराष्ट्रातील उदाहरणे आणि नवी मुंबई परिसराच्या संदर्भात अशा कल्पनांना असलेला वाव व मर्यादा यांचा परिचय करून दिला आहे.

इतिहास

करमणुकीसाठी राखलेली उद्याने युरोपात जुनी आहेत. कोपनहेगन येथील टिव्होली उद्यान १८४३ मध्ये सुरू झाले. नेदरलँड्समधील एफ्टेलिंग या उद्यानात १९५२ मध्ये परीकथांवर आधारित वनविभाग खुला झाला. विषयविभागांची आज रूढ असलेली पद्धत मात्र वॉल्ट डिस्ने यांच्या डिस्नेलँडमुळे स्थिरावली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी ते सुरू झाले. प्रवेशद्वारापासून एक जुन्या वळणाचा रस्ता, त्याच्या टोकाशी एक किल्ला आणि तेथून निरनिराळ्या विभागांकडे जाणाऱ्या वाटा अशी त्याची मांडणी होती. साहस, सीमाप्रदेश, परीकथा आणि भविष्यकाळ हे त्याचे आरंभीचे विषय होते.

भारतात दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद झाले. मुंबईत गोराई येथे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये, तर त्याच्या शेजारी वॉटर किंगडम हे जलउद्यान १९९८ मध्ये सुरू झाले.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास विषयानुरूप वातावरण उभे करण्याची परंपरा थीम पार्कपेक्षा जुनी आहे. सार्वजनिक गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांमध्ये पौराणिक किंवा ऐतिहासिक प्रसंग यांत्रिक पुतळे, प्रकाशयोजना व ध्वनिमुद्रित निवेदन यांच्या साहाय्याने सादर केला जातो. अंधाऱ्या बोगद्यातील राइडमध्येही नेमकी हीच साधने वापरली जातात. फरक इतकाच, की देखाव्यापुढे प्रेक्षक उभा असतो आणि राइडमध्ये तो प्रसंगांमधून पुढे सरकत जातो. दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले बांधतात. त्यांतही तट, दरवाजा, तळे, पायथ्याची वस्ती आणि मावळे यांची मांडणी एका विषयाला धरून केलेली असते.

रचनेची तत्त्वे

दुरून दिसणारी खूण : प्रत्येक विभागात उंच व ठळक अशी एक वास्तू असते. तिच्या दिशेने पाहुणे आपोआप वळतात आणि वाट चुकत नाहीत. गावाच्या बाहेरूनच देवळाचा कळस दिसावा, तसे हिचे काम असते.

आडपडदा : एका विभागातून दुसऱ्या विभागातील वास्तू दिसू नये, याची काळजी घेतली जाते. त्यासाठी मातीचे बांध, दाट झाडी किंवा वळणदार वाट यांचा उपयोग होतो.

संक्रमण : दोन विभागांच्या सीमेवर पायाखालची फरसबंदी, संगीत आणि झाडांची जात हळूहळू बदलत नेली जाते.

रांग : लोकप्रिय राइडमध्ये प्रत्यक्ष फेरीपेक्षा रांगेतील वेळ बहुधा कितीतरी अधिक असतो. त्यामुळे कथेची सुरुवात रांगेतच करणे ही चांगल्या रचनेची खूण मानली जाते.

वयोमिश्रण : प्रत्येक विभागात लहान मुले, तरुण आणि ज्येष्ठ अशा तिन्ही गटांसाठी काही ना काही असावे लागते. केवळ वेगवान राइड असलेल्या विभागात आजी-आजोबांना बाकावर बसून राहावे लागते.

कल्पनेपासून राइडपर्यंत

हौशी आराखड्यांत बहुधा विषय आणि कथा तपशीलवार असतात, परंतु राइडची क्षमता विचारात घेतलेली नसते. क्षमता म्हणजे एका तासात किती माणसे राइडचा लाभ घेऊ शकतात ती संख्या. उदाहरणार्थ, २० आसनांची नाव दर ३० सेकंदांनी सुटत असेल, तर तासाला १२० फेऱ्या होऊन २,४०० प्रवासी जाऊ शकतात. फेरी ६ मिनिटांची असल्यास मार्गावर एकाच वेळी १२ नावा असतात; चढण्या-उतरण्याच्या धक्क्यावरील नावा वेगळ्या. याउलट ४ आसनांचे वाहन दर मिनिटाला सुटले, तर तासाला केवळ २४० जणांची सोय होते. अशा वेळी कथा कितीही सुंदर असली, तरी रांग लांबत जाते.

रोलर कोस्टरच्या बाबतीत उंची आणि वेग यांचे नाते निसर्गनियमाने ठरलेले असते. साखळीने वर ओढलेली गाडी पुढे केवळ गुरुत्वाकर्षणाने धावते. घर्षण दुर्लक्षित केल्यास ४० मीटर उतारानंतर तिचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. आरंभीची ऊर्जा घर्षणात खर्च होत जात असल्यामुळे पुढील टेकड्या पहिल्या टेकडीपेक्षा ठेंगण्या ठेवाव्या लागतात. रोलरकोस्टर टायकून (१९९९) आणि प्लॅनेट कोस्टर (२०१६) यांसारख्या संगणकीय खेळांमुळे हे हिशेब हौशी रसिकांच्याही आटोक्यात आले आहेत.

महाराष्ट्रातील उदाहरणे

इमॅजिका : रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. येथील 'नायट्रो' हा तळ नसलेल्या गाड्यांचा रोलर कोस्टर आहे. 'मिस्टर इंडिया' ही राइड १९८७ च्या हिंदी चित्रपटावर आधारित आहे. 'राजासॉरस' या जलराइडचे नाव गुजरातमध्ये सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये नामकरण झालेल्या डायनोसॉरवरून घेतले आहे. भारतीय भूमीतील शास्त्रीय शोधाचा राइडसाठी केलेला उपयोग म्हणून हे उदाहरण लक्षणीय आहे.

एन. डी. स्टुडिओ : कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये कर्जतजवळ तो स्थापन केला. चित्रीकरणासाठी उभारलेले किल्ले व महाल पाहण्यासाठी तो पर्यटकांनाही खुला करण्यात आला.

शिवसृष्टी : पुण्यातील आंबेगाव येथे बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतून साकारत असलेल्या या ऐतिहासिक थीम पार्कच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. संपूर्ण उद्यानाचा विषय एकच असल्यामुळे येथील विभाग हे एकाच चरित्राचे अध्याय ठरतात.

वंडर्स पार्क : नवी मुंबई महानगरपालिकेने नेरूळ येथे उभारलेले हे उद्यान डिसेंबर २०१२ मध्ये खुले झाले. जगातील सात आश्चर्यांच्या लहान प्रतिकृती ही त्याची मध्यवर्ती कल्पना आहे. ताजमहाल आणि चीनची भिंत यांच्या प्रतिकृतींबरोबर येथे लहान मुलांची रेल्वे आणि पाळणेही आहेत. खासगी थीम पार्कच्या तुलनेत पालिकेचे उद्यान सर्वसामान्य कुटुंबांच्या आवाक्यात असते.

नवी मुंबई परिसरातील विषय

नवी मुंबईच्या नियोजनासाठी सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. नव्या शहराकरिता ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी निश्चित करण्यात आल्या. आगरी आणि कोळी समाजांची ही गावे भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगत होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण या लढ्याशी जोडले जाते.

या पार्श्वभूमीमुळे येथील थीम पार्कचा विषय कोणता असावा, हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा राहत नाही. ज्या जमिनीवर उद्यान उभे राहते, तिची गोष्ट उद्यानात सांगितली जाते की नाही, असाही त्याचा एक अर्थ होतो. नव्या इमारतींत वाढलेल्या मुलांना मिठागर म्हणजे काय, हे पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

परिसरातून घेण्याजोगे विषय पुढीलप्रमाणे आहेत :

मिठागर : भरतीचे पाणी एकामागून एक उथळ कप्प्यांत घेऊन ते उन्हाने आटवत मीठ काढण्याची क्रिया लहान मुलांच्या जलविभागासाठी सोयीची आहे. बांध, झडपा आणि कप्पे हाताळताना खेळ आणि ज्ञान दोन्ही साधते.

खाडी आणि रोहित पक्षी : ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. पक्ष्याच्या नजरेतून खाडी दाखवणारी, पडद्यासमोर तरंगत्या आसनांची राइड या विषयाला अनुरूप ठरते.

घारापुरी : उरण तालुक्यातील या बेटावरील लेणी १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आहेत. बेटाला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीमुळे मिळाले, तो आता मुंबईच्या जिजामाता उद्यानात आहे. नावेतून लेण्यापर्यंतचा प्रवास आणि शेवटी अंधारातून उजळत येणारे शिल्प अशी मांडणी संथ जलराइडसाठी योग्य आहे. शिल्पे शिवाची असल्यामुळे त्यांचा भयकथेसाठी वापर मात्र अनुचित ठरेल.

कोळीवाडा : होडी, जाळे, नारळी पौर्णिमा आणि मासळीचे पदार्थ यांमुळे हा विषय राइडपेक्षा बाजारपेठ व भोजनविभागासाठी अधिक उपयुक्त आहे. स्थानिक महिला बचत गटांना तेथे जागा मिळाल्यास विषय केवळ सजावटीपुरता उरत नाही.

साहित्यकृतींचे हक्क

रसिकांच्या आराखड्यांत आवडत्या पुस्तकांतील व चित्रपटांतील पात्रे हमखास असतात. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क सामान्यतः लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांचे निधन २००१ मध्ये झाले. त्यामुळे त्या पुस्तकांवरील हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत राहतो आणि बनेश फेणेची सायकल-राइड काढायची झाल्यास हक्कधारकांची परवानगी आवश्यक ठरते. भागवतांनी ज्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या ज्यूल व्हर्न यांच्या मूळ कथा मात्र हक्कमुक्त आहेत. पंचतंत्र, लोककथा आणि इतिहासातील घटना यांनाही हे बंधन नाही. तथापि त्यांची आधुनिक भाषांतरे आणि चित्रे हक्काने संरक्षित असू शकतात.

केवळ कल्पनेला कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही. तिच्या लेखी किंवा चित्ररूप मांडणीला मिळते. पुढे वाद उद्भवू नये म्हणून अनेक मोठ्या उद्यान-कंपन्या न मागता आलेल्या कल्पना स्वीकारत नाहीत. सार्वजनिक संस्थांच्या प्रकल्पांत नागरिकांच्या सूचनांना त्या मानाने अधिक वाव असतो.

मर्यादा

पाऊस : या भागात जून ते सप्टेंबर या काळात साधारणतः २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शाळांची उन्हाळी सुटी संपते तोच पावसाळा सुरू होतो. त्यामुळे उघड्यावरील राइडना छपराखालील राइडची जोड आवश्यक असते. जोराचा वारा किंवा विजा असताना उंच राइड थांबवाव्या लागतात.

किनारा : खाडीकाठच्या जमिनींना किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मधील निर्णयात राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आहे. खाडीचे दर्शन घडवणारे उद्यान खाडी बुजवून उभारले, तर त्याचा मूळ विषयच नष्ट होतो.

सुरक्षितता : राइडची आखणी, निर्मिती आणि वापर यांसाठी आयएसओ १७८४२ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आहे. राइडच्या दारावरील उंचीची पट्टी शोभेसाठी नसते. आसनावरील अडसर विशिष्ट देहमानासाठी बेतलेला असतो. मुलाची उंची थोडी कमी भरल्यास आग्रह धरणे धोक्याचे असते.

सुलभता : चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीस रांगेतून राइडपर्यंत जाता यावे आणि संथ राइडमध्ये बसता यावे, याची तरतूद मूळ आराखड्यातच करावी लागते. बांधकाम झाल्यावर ती करणे खर्चिक आणि बहुधा अपुरे ठरते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक ठिकाणच्या सुलभतेच्या तरतुदी आहेत.