आठाचा आकडा

व्यवस्थापनशास्त्रात मोजमापाला आरशाची उपमा देतात. धंदा जसा असेल तसा तो आकड्यांत दिसतो, अशी त्यामागची समजूत. मला ही उपमा अपुरी वाटते. आरशात पाहिल्याने चेहरा बदलत नाही. आकड्यांत पाहता पाहता मात्र धंदाही बदलतो आणि पाहणाऱ्याची नजरही. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

ग्राहकाशी दीर्घकाळचे नाते जोडायचे, हे या बँकेचे धोरण. पण नाते मोजायचे कसे? एका कुटुंबाकडे बँकेची किती खाती, कार्डे, कर्जे आहेत, ही संख्या त्यासाठी निवडली गेली. निवड मुळात गैर नव्हती. विश्वास असला की माणूस अनेक व्यवहार एकाच ठिकाणी करतो. प्रत्येक कुटुंबामागे आठ, असे लक्ष्य ठरले. सरासरी सहाच्या वर गेली आणि तो आकडा भागधारकांना अभिमानाने सांगितला जाऊ लागला.

विश्वासातून व्यवहार वाढतात हे खरे. पण व्यवहार वाढवले म्हणून विश्वास वाढतोच असे नाही. विक्रीच्या उद्दिष्टांखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. तोवर पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलेले होते.

मला अधिक बोलके वाटते ते वरिष्ठांचे निदान. संचालक मंडळाच्या २०१७च्या चौकशी अहवालानुसार त्यांनी दोष विक्रीपद्धतीत नव्हे, तर काही कर्मचाऱ्यांच्या वागण्यात पाहिला. आकडा चढता होता. मग पद्धत चुकीची कशी असेल?

हेतूच्या जागी आकडाच बसण्याच्या या प्रवृत्तीला अभ्यासक 'सरोगेशन' म्हणतात. चोई, हेक्ट आणि टेलर यांनी २०१२ व २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले की, मोबदला एकाच मापाशी बांधला की ही प्रवृत्ती बळावते, अनेक मापांशी बांधला की सैलावते. आणि धोरण निवडण्यात ज्यांचा वाटा असतो, त्यांना मूळ हेतूचा विसर कमी पडतो. म्हणजे माप टाकून देण्याची गरज नाही. ते कशाच्या वतीने उभे आहे, हे मापणाऱ्याला आणि मापल्या जाणाऱ्यालाही ठाऊक हवे.

आकडा वाढवण्यामागे धावलेल्या या बँकेच्या वाढीवरच २०१८ साली फेडरल रिझर्व्हने मर्यादा घातली. ती सात वर्षांहून अधिक काळ टिकली.